नाशकात डीजे येतो म्हणजे नक्की कोण येतं

नाशिकमध्ये कोणी म्हणालं की "उद्या डीजे येणारे", तर आधी विचारावं लागतं, गाडी येणारे की माणूस? कारण आपल्याकडे डीजे म्हणजे पहिल्यांदा टेम्पोवर रचलेले बेसचे मोठे बॉक्स, त्यावर चढ्या आवाजाचे टॉप, मागे जनरेटर, वर शार्पी लाईटी, हे सगळं मिळून डीजे. ते चालवणारा पोरगा तो ऑपरेटर. आणि कॉलेज रोडच्या कॅफेत बसणाऱ्या पोरापोरींसाठी डीजे म्हणजे मुंबईहून, गोव्याहून नाहीतर थेट परदेशातून गळ्यात हेडफोन अडकवून येणारा आर्टिस्ट. एकाच गावात एका शब्दाचे दोन अर्थ, आणि दोघांचं पब्लिक बराच काळ एकमेकांना ओळखतही नव्हतं. ट्रान्सवाला (म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यावर वाढलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवणारा) येतो, बॉलिवूड वाजवणारा येतो, बेसवाला येतो आणि तिघांनाही गर्दी होते, हे नाशकात कसं झालं ते समजायचं तर मला वाटतं सुरुवात गाडीपासून करायला लागते, क्लबपासून नाही.

कोल्हापूर सांगलीकडे ह्याच गाडीला डॉल्बी म्हणतात. डॉल्बी ही 1965 ची कंपनी, टेपमधली खरखर कमी करण्याच्या तंत्रावर मोठी झालेली, मिरवणुकीतले बॉक्स काही ती बनवत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आपल्याकडे तसंच डीजे हे नाव बॉक्सला चिकटलं आणि शहरातले बरेच जण त्याला अडाणीपणा समजतात, "डीजे म्हणजे माणूस असतो रे" असं समजावून सांगतात. मी पण सांगायचो. पण इतिहास वाचल्यावर लक्षात आलं की गाडीला डीजे म्हणणारे तितकेसे चुकलेले नाहीत.

जमैकात, किंग्स्टनमध्ये 1950 च्या दशकात गरीब वस्त्यांमधल्या लोकांना क्लब परवडायचे नाहीत. मग ड्यूक रीड, कॉक्सन डॉड अशी मंडळी भलेमोठे बॉक्स आणि अँप्लिफायर गाडीवर लादून वस्तीत आणायची, रस्त्यावर नाहीतर मोकळ्या अंगणात लावायची आणि तिथेच नाच. दोन साउंडवाले समोरासमोर आले की कोणाचं भारी याची टक्कर व्हायची, त्याला ते क्लॅश म्हणतात, आपल्याकडे कॉम्पिटिशन म्हणतात. तिथे साउंड सिस्टीम म्हणजे नुसते बॉक्स नसून बॉक्स, रेकॉर्डी, वाजवणारा, माईकवर बोलणारा असं सगळं मिळून एकच नाव असतं. किंग्स्टनमध्येच जन्मलेला एक पोरगा लहानपणी न्यूयॉर्कला गेला, डीजे कूल हर्क, आणि 11 ऑगस्ट 1973 ला ब्रॉंक्समध्ये स्वतःच्याच बिल्डिंगच्या हॉलमध्ये बहिणीच्या पार्टीला त्याने जे वाजवलं तिथून हिपहॉपची सुरुवात धरतात. गाण्यातला नुसता तालाचा तुकडा उचलायचा आणि दोन टर्नटेबलवर तो लांबवत न्यायचा ही त्याची पद्धत. म्हणजे डीजे नावाच्या माणसाचा एक मोठा वारसा रस्त्यावरच्या बॉक्समधूनच आलेला आहे. पुढे शिकागोत हाउस आणि डेट्रॉइटमध्ये टेक्नो हे नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचे प्रकार तयार झाले, रोलँड कंपनीची 808 आणि 909 ही तालयंत्रं हाताशी होती, ते सगळं परत सांगत बसत नाही. एकच सांगतो, 1982 मध्ये आपल्या मुंबईत चरणजित सिंग या स्टुडिओतल्या वादकाने ह्याच रोलँडच्या मशिनींवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून रेकॉर्ड काढली होती, तेव्हा ती कोणी फारशी विचारली नाही, 2010 मध्ये परत निघाली तेव्हा बाहेरचे लोक चक्रावले की हे तर शिकागोच्या ॲसिड हाउससारखं वाजतंय आणि तेही त्याच्या आधीचं.

आता नाशिक. आपला स्वतःचा बेस म्हणजे ढोल. नाशिक ढोल हे नाव किती लांब गेलंय ते इथल्या लोकांनाच माहीत नसतं, केरळात लग्नात, उत्सवात, निवडणुकीच्या प्रचारात ढोलाची पार्टी बोलावतात तिला "नासिक ढोल" असंच म्हणतात. गणपतीत वाकडी बारवपासून मिरवणूक निघते, मेनरोड, एमजी रोड, अशोकस्तंभ, रविवार कारंजा करत पंचवटीत उतरते, त्या जुन्या नाशकातल्या अरुंद रस्त्यात दोन्ही बाजूच्या भिंतींवर आपटून ढोलाचा आवाज परत येतो तो छातीत बसतो. ज्याचं लहानपण ह्या आवाजात गेलं त्याला सब-बेस म्हणजे काय ते वेगळं शिकवायला लागत नाही.

ढोलानंतर आली बँजो पार्टी. हातगाडीवर नाहीतर टेम्पोत बँजो, कॅसिओ, ढोलकी, कच्छी ढोल आणि ऑक्टोपॅड. ऑक्टोपॅड पण रोलँडचाच, 1985 चा, आठ रबरी चौकोन, काडी मारली की इलेक्ट्रॉनिक आवाज निघतो, पहिल्या मॉडेलला त्यासाठी वेगळं यंत्र जोडावं लागायचं, पुढच्यांत आवाज आतच साठवलेला. माझ्या मते आपल्यासारख्या शहरांत इलेक्ट्रॉनिक ताल पहिल्यांदा रस्त्यावर आला तो ह्या ऑक्टोपॅडमधून, क्लबमधून नाही, क्लब होते कुठे तेव्हा. शिकागोच्या पोरांकडे ज्या कंपनीचं तालयंत्र होतं त्याच कंपनीचं पॅड आपल्याकडे वरातीत नवरदेवाच्या पुढे वाजत होतं, ह्याची कोणी नोंद केली नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग 2000 नंतर रिमिक्सची लाट आली, सीडी स्वस्त झाल्या, पाठोपाठ कॉम्प्युटरवर गाणी मिक्स करायची सॉफ्टवेअरं गल्लीगल्लीत पोचली, आणि बँजोच्या जागी बॉक्सची गाडी उभी राहिली. गणपती, शिवजयंती, भीमजयंती, हळद, वरात. ह्या गाड्यांसाठी रिमिक्स बनवणारी पोरं हा एक वेगळाच वर्ग तयार झाला. लोकगीत, भीमगीत, कोळीगीत घ्यायचं, त्याच्याखाली इलेक्ट्रॉनिक बेस घालायचा, मध्येमध्ये स्वतःच्या नावाची हाक टाकायची. ही पोरं क्लबमध्ये कधी वाजवत नाहीत पण त्यांचे ट्रॅक पेनड्राइव्हवरून जिल्हे पालथे घालतात, माणूस घरीच आणि ट्रॅक टूरवर. एकदा पंचवटी कारंजावर मी एका ऑपरेटरच्या शेजारी उभा होतो. लॅपटॉपवर गुलाल जाऊ नये म्हणून अख्ख्या कीबोर्डला किराणा सामानाचं पातळ प्लास्टिक गुंडाळलेलं, त्याच्यावरूनच बटणं दाबतोय, आणि ढोल पथक मागून जवळ यायला लागलं की बेस थोडा खाली घ्यायचा, पथक पुढे सरकलं की परत वर. कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाला, "दादा, ऐकायचं आणि द्यायचं."

दुसरी वाट गोव्याची. अंजुना वागातोरच्या किनाऱ्यावर ट्रान्स वाढला, गोवा गिलसारखे डीजे डॅट टेपांवर, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटींवर, रात्रभर वाजवायचे, उन्हात विनाइल वाकडी होते म्हणून टेप. सैन्यातली नोकरी संपवून भटकायला आलेले इस्रायली तरुण तिथे यायचे, ते तो आवाज घरी घेऊन गेले आणि तिकडून सायट्रान्सचे, म्हणजे ट्रान्सच्याच एका प्रकाराचे, मोठेमोठे ग्रुप निघाले. आपल्याकडची गोव्याला जाऊन आलेली पोरं तोच आवाज मेमरी कार्डात भरून आणायची आणि गंगापूर धरणाच्या बाजूला गाडीचं दार उघडं ठेवून ऐकायची. नाशकात ट्रान्सचं पब्लिक आधीपासून का आहे ह्याचं उत्तर बऱ्यापैकी इथे आहे.

ह्या पब्लिकला घराजवळ स्टेज मिळालं ते सुलामुळे. राजीव सामंत यांनी गंगापूर सावरगाव भागात द्राक्षमळा आणि वायनरी उभी केली, आणि 2008 पासून तिथे सुलाफेस्ट हा संगीत महोत्सव भरायला लागला, फेब्रुवारीच्या सुमाराला, म्हणजे द्राक्षकाढणीच्या दिवसांत. उतरत्या पायऱ्यांचं उघडं अँफीथिएटर, समोर मळे, आणि लाइव्ह बँडांच्या जोडीला इलेक्ट्रॉनिकवाले. इस्रायलच्या हैफा शहरातून निघालेला इन्फेक्टेड मशरूम इथे वाजवून गेला, आपल्याच देशातला इलेक्ट्रॉनिकवाला न्यूक्लिया वाजवून गेला. हैफाचा ग्रुप नाशकाच्या मळ्यात, ही गोष्ट तेव्हा आमच्यासाठी काय होती ते आता सांगून कळणार नाही, मुंबई पुण्याचे लोक गाड्या भरभरून आपल्याकडे येत होते, पहिल्यांदा उलटी वाहतूक होती. अर्थात तिकीट सगळ्यांना परवडायचं असं नाही, नाशिकची कितीतरी पोरं रस्त्यावर बाइक लावून बाहेरूनच ऐकायची, मी पण एक वर्ष तसाच ऐकला, वारा आपल्याकडे आला की व्होकल यायचे आणि फिरला की नुसता बेस.

न्यूक्लियाचं नाव मुद्दाम घेतलं. कारण त्याने मिरवणुकीतला, वरातीतला आवाज उचलून स्टेजवर नेला, तो सुलाला वाजतो तेव्हा आणि मेनरोडला गाडीवर वाजतो तेव्हा दोन्हीकडचं पब्लिक सारखंच उसळतं. गाडीचा डीजे आणि माणूस डीजे ह्यांचं पब्लिक पहिल्यांदा एक झालं असेल तर ते अशा संगीतावर.

बाहेरचे डीजे इतके फिरायला कसे लागले ह्यात मशिनींचा वाटा मोठा आहे. आधी टेक्निक्सचे टर्नटेबल, 1972 पासूनचे, आणि रेकॉर्डींची जड पेटी, ती विमानात घेऊन फिरणं म्हणजे खर्च आणि जीव मुठीत. 2001 मध्ये पायोनियरचा सीडीजे 1000 आला, वरच्या चकतीवर हात ठेवून सीडीतलं गाणं रेकॉर्डसारखं फिरवता यायला लागलं. 2009 च्या सीडीजे 2000 मध्ये थेट पेनड्राइव्ह चालायला लागला आणि खेळच बदलला, माणूस खिशात दोन पेनड्राइव्ह आणि गळ्यात हेडफोन घेऊन येतो, बाकी प्लेअर, मिक्सर सगळं आयोजकाने लावायचं, त्याची यादी आधीच पाठवतात, तिला रायडर म्हणतात. यादीतलं मॉडेल गावात भाड्याने मिळालं नाही तर ते मुंबईहून मागवावं लागतं. म्हणजे एखाद्या शहरात कुठला डीजे येऊ शकतो हे पुष्कळदा त्या शहरातल्या साउंडवाल्याच्या गोडाऊनवर ठरतं, आणि नाशकात गणपती आणि लग्नांमुळे साउंडवाले आधीपासून तगडे, इथे परत गाडीच कामाला आली.

अंतराचं पण आहे. मुंबई साधारण 170 किलोमीटर, पुणे 210 च्या आसपास. शुक्रवार शनिवार मुंबई पुण्यात वाजवणारा आर्टिस्ट त्याला लागून एखादा दिवस कमी पैशात नाशिकला देतो, परत रात्रीतून घरी. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला तेव्हापासून तर अजून सोपं झालंय. पण हेच अंतर उलटंही लागतं, सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा मोठा महोत्सव 2007 ला गोव्यात सुरू झाला आणि 2016 ते 2018 पुण्यात भरला तेव्हा आपली पोरं सिन्नर संगमनेर करत तिकडेच गेली, मग इथे कोण कशाला मोठा शो लावेल.

तारखांचंही एक गणित आहे. मुंबईत रंग धुळवडीला, आपल्याकडे रंगपंचमीला. पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे जमिनीतले रंगाचे हौद, उघडतात, प्रत्येकीचा रंग ठरलेला, लोक त्यात धप्पा मारतात, म्हणजे उडी घेतात, आणि अलीकडे त्याच दिवशी शहरभर लॉन्सवर रेन डान्स आणि डीजे. मुंबईतला डीजे धुळवड उरकून मोकळा झालेला असतो त्यामुळे त्याची तारीख मिळायला सोपी जाते. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, संभाजीनगर रोडच्या लॉन्सवर हळद आणि संगीत, तिथे बॉलिवूड पंजाबी वाजवणाऱ्यांना मागणी, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर बाहेरून येणाऱ्या डीजेंचा जास्त पैसा ह्या लग्नांमध्येच आहे, क्लबात नाही.

आवाजाच्या नियमांनी पण बरंच घडवलं. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद, रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45, सरकार वर्षातून 15 दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सूट देऊ शकतं. 2018 च्या सप्टेंबरमध्ये विसर्जनातल्या डीजे डॉल्बी बंदीला स्थगिती द्यायला मुंबई हायकोर्टाने नकार दिला. मला हे नियम पटतात, मिरवणुकीच्या रस्त्यावर माझ्या आजीचं घर होतं, खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि ती कानात कापूस घालून आतल्या खोलीत बसून राहायची. ह्याच नियमामुळे आपल्याकडचे उघड्यावरचे शो दुपारी सुरू होऊन दहाला संपतात आणि सूर्य मावळताना वाजवायचं संथ, मेलोडिक संगीत इथे जास्त रुजलं.

सुलाफेस्ट 2020 नंतर थांबला, कोविडमध्ये सगळंच बसलं, कितीतरी ऑपरेटरांनी बॉक्स विकले. 2025 च्या फेब्रुवारीत तो परत भरला. मधल्या काळात कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या छोट्या जागांमध्ये स्थानिक पोरांनी टेक्नो, हाउसच्या रात्री चालू ठेवल्या, पन्नास साठ माणसं, पण नेमाने येणारी.

माझा एक मित्र असाच वाजवतो. त्याने गेल्या गणपतीच्या आधी नदीकाठी एका पथकाच्या सरावाला जाऊन ढोल रेकॉर्ड केला, बाहेरून येणाऱ्या डीजेला द्यायला. सॉफ्टवेअर त्या तालाला ग्रिडच, म्हणजे ठोक्यांच्या सारख्या अंतराच्या खुणाच लावेना (त्या लागल्या की डीजे सिंकचं बटण दाबतो आणि दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळतो), कारण पथक सुरुवातीला संथ आणि शेवटाला केवढं तरी पळतं. त्याने दोन रात्री प्रत्येक ठोका ओढूनताणून सरळ केला, मग ऐकला, आणि सगळं पुसून मूळ रेकॉर्डिंग जसं होतं तसंच पेनड्राइव्हवर टाकलं. फाइलचं नाव ठेवलं, "सिंक दाबू नका".