नाफेडची खरेदी आणि हमीभाव यांत गल्लत नको

नाशिक जिल्ह्यातलं लासलगाव असो की पिंपळगाव बसवंत, कांद्याचे भाव पडले की बाजार समितीबाहेरच्या टपरीवर हमखास ऐकू येतं : 'नाफेडने हमीभावाने माल उचलावा.' मागणी रास्त, पण पत्ता चुकलाय.

हमीभाव कृषी खात्याचा. कृषी खर्च व मूल्य आयोग शिफारस करतो आणि केंद्र 22 पिकांसाठी तो जाहीर करतं. येवल्या-मालेगावकडचा मका त्यात आहे, 2025-26 ला क्विंटलमागे 2,400 रुपये. कांदा त्या यादीत नाही.

नाफेड आणि एनसीसीएफ या केंद्रासाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्था. त्या कांदा घेतात तो केंद्राच्या भाव स्थिरीकरण निधीतून. 2014-15 मध्ये हा निधी कृषी खात्यातच सुरू झाला, पण 1 एप्रिल 2016 पासून तो ग्राहक व्यवहार विभागाकडे गेला. खातं बदललं यातच सगळं आलं. शहरातल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून हा साठा. उन्हाळ कांदा स्वस्त असताना घ्यायचा, नवा लाल कांदा यायच्या आधी भाव चढले की बाहेर काढायचा. सप्टेंबर 2024 मध्ये दिल्लीत तो 35 रुपये किलोने विकला, ऑक्टोबरात तर नाशिकहून 1,600 टन रेल्वेने दिल्लीला धाडला. नेमका तेव्हाच चार पैसे जास्त मिळतील म्हणून साठवणीच्या चाळीत राखलेला शेतकऱ्याचा कांदाही बाजारात उतरत असतो. म्हणजे जूनमध्ये त्याच्याकडून घेतलेला माल ऑक्टोबरात त्याचाच भाव दाबतो!

ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसलं, जिल्ह्यात लिलाव बंद पडले आणि केंद्राने 2,410 रुपये क्विंटलने खरेदी जाहीर केली. अनेकांना तो हमीभावच वाटला. पण तो त्या वेळेपुरता दर होता, शिवाय आकाराची अट असतेच. गोल्टीला, म्हणजे बारीक कांद्याला, तिथे कोण विचारतो?

ग्राहकाला स्वस्त कांदा देण्यात गैर काही नाही. त्याला शेतकऱ्याची मदत म्हणून मिरवू नये, एवढंच.

हमीभाव नसलेल्या नाशवंत मालासाठी वेगळी सोय आहे, सरकारने माल विकत घ्यायची बाजार हस्तक्षेप योजना. भाव आधीच्या सर्वसाधारण हंगामापेक्षा किमान 10 टक्के घसरले की ती लागू करता येते. त्या खरेदीतल्या तोट्याचा निम्मा वाटा राज्याला उचलावा लागतो, आणि राज्याने प्रस्ताव धाडल्याशिवाय केंद्र हलत नाही. मोर्चा न्यायचाच तर आधी मुंबईला न्यावा.