कपाशीतील युग्मक-गुणसूत्रे

कपाशीच्या युग्मकांत (प्रजनन पेशींत), म्हणजे परागकणात व अंडपेशीत, असणारा गुणसूत्रांचा एकेरी संच. विदर्भात गावरानी म्हटल्या जाणाऱ्या आशियाई जातींत (गॉसिपियम आर्बोरियम, गॉ. हर्बेसियम) तो १३ गुणसूत्रांचा, तर अमेरिकन कपाशीत (गॉ. हिर्सुटम) २६ चा असतो. कायिक (शरीराच्या इतर) पेशींत ही संख्या दुप्पट, म्हणजे २६ व ५२.

मोजणी पात्यांवर (कपाशीच्या फुलकळ्यांवर) होते. पाती फार लहान असतानाच सकाळी खुडून तीन भाग अल्कोहोल व एक भाग ॲसिटिक आम्लात २४ तास ठेवतात. परागकोश ॲसिटोकार्मिन या रंगद्रव्यात दाबले की अर्धगुणसूत्री विभाजनातील (संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनातील) गुणसूत्रांच्या जोड्या दिसतात. पाते मोठे झालेले असेल, तर विभाजन उरकून नुसते परागकण हाती लागतात.

अमेरिकन कपाशीतली २६ आली कोठून, हा जुना वाद. गावरानीशी केलेल्या संकरात १३ मोठ्या जोड्या जुळतात आणि १३ लहान गुणसूत्रे सुटी राहतात. यावरून स्कोव्हस्टेड यांनी १९३४ मध्ये आशियाई व अमेरिकी असे दोन पूर्वज सुचवले. बीसली यांनी १९४० मध्ये आर्बोरियम व रानटी अमेरिकी जात थर्बेरी यांच्या वांझ संकराची गुणसूत्रे कॉल्चिसीन या रसायनाने दुप्पट करून ते पडताळले. अमेरिकी पूर्वज आज पेरूतील रायमोंडी या रानटी जातीच्या जवळचा मानतात. आशियाई बाजूला हर्बेसियमचे पारडे जड होते, कारण हिर्सुटमशी त्याचे खंडांतरण-भेद (गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीने पडलेले फरक) दोन, आर्बोरियमचे तीन (गर्स्टेल, १९५३). आता दोघांचाही एक लुप्त पूर्वज हे मत अधिक पटणारे आहे. माणसाने आशियाई कापूस पॅसिफिकपार नेला, हे हचिन्सन व सहकाऱ्यांचे मत (१९४७) मागे पडले; दोन पूर्वजांचा संयोग सुमारे १० ते २० लाख वर्षांपूर्वीचा मानतात.

गावरानी व अमेरिकन यांच्या संकरात ३९ गुणसूत्रे येतात. मुळात बोंडच बहुधा गळते, म्हणून गर्भ काढून पोषकद्रव्यावर वाढवावा लागतो. जगलेल्या झाडात १३ सुटी गुणसूत्रे वाटेल त्या टोकाला जातात, काही मधेच रेंगाळून त्यांची सूक्ष्मकेंद्रके (छोटी वेगळी केंद्रके) होतात. परिणामी युग्मकांत १३ ते २६ मधली कोणतीही संख्या येते व बहुतेक पराग सुकडलेले, फिके, निकामी निघतात. कॉल्चिसीनने संख्या ७८ केल्यास प्रत्येकाला जोडीदार मिळतो आणि फलनक्षमता बरीच परतते.

निव्वळ हिर्सुटममध्येही एखादी जोडी वेगळी न झाल्यास २५ व २७ चे युग्मक होतात. २५ चे परागकण स्पर्धेत मागे पडतात. ५१ गुणसूत्रांची झाडे येतात ती मुख्यतः अंडपेशीच्या वाटेने.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत (स्थापना १९७६) रानटी जाती जपल्या जातात. त्यांतल्या बऱ्याच १३ गुणसूत्री युग्मकांच्या असल्याने त्यांचे गुण हिर्सुटममध्ये आणताना हीच ३९ ची अडचण पुन्हा आडवी येते.