फायटिंग गेमचे प्राथमिक धडे: पार्श्वभूमी

चवथीला डिचोलीच्या मूळ घरी सगळी भावंडे जमली, की रात्रीच्या आरतीनंतर टीव्हीचा ताबा मुलांकडे जातो. यंदा माझ्या पुतण्याने ‘स्ट्रीट फायटर ६’ या झुंजीच्या खेळाच्या सराव विभागात केन या पात्राचा लांबलचक कॉम्बो, म्हणजे एकात एक गुंफलेल्या सलग फटक्यांची साखळी, न चुकता करून दाखवला. लगेच झालेल्या सामन्यांत मात्र, ज्याला एकही कॉम्बो येत नव्हता अशा त्याच्या चुलत भावाने नुसत्या उड्या मारून लाथा घालत त्याला तीनदा हरवले. “काका, तो नीट खेळतच नाही,” ही त्याची तक्रार. ही तक्रार तीस वर्षांपेक्षा जुनी आहे आणि तिचे मूळ या खेळांच्या घडणीत आहे.

झुंजीचे खेळ आधीही होते. ‘कराटे चॅम्प’ १९८४ मध्ये आला आणि पहिला ‘स्ट्रीट फायटर’ १९८७ मध्ये. परंतु अंतर राखणे, उडी मारून येणाऱ्याला हवेतच पाडणे, मागची दिशा धरून फटका अडवणे आणि समोरच्याचा फटका हुकताच त्याची किंमत वसूल करणे, हे जे आज मूलभूत मानले जाते, त्याला खरा आकार आला तो कॅपकॉम या जपानी कंपनीच्या १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये. सहा बटणे, तीन ठोशांची आणि तीन लाथांची. हलका फटका झटपट पण आखूड, जोराचा फटका भारी पण हुकला तर खेळाडूला क्षणभर उघडा पाडणारा. त्यामुळे प्रत्येक बटण हा एक सौदा ठरला. शिवाय नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये हरणारा उठायचा आणि जिंकणारा त्याच नाण्यावर खेळत राहायचा, म्हणून शिकण्याचा स्वस्त मार्ग एकच होता: मशीनमागे उभे राहून दुसऱ्याचा खेळ पाहणे.

कॉम्बो हा या रचनेतला जवळजवळ अपघात होता. गाडी फोडण्याची बोनस फेरी तपासताना निर्माते नोरिताका फुनामिझु यांच्या लक्षात आले, की एका फटक्यात दुसरा फटका गुंफता येतो. तो साधण्याची वेळ इतकी नेमकी होती, की त्याचा फारसा उपयोग होईल असे त्यांना वाटले नाही. ती गोष्ट खेळात तशीच राहू दिली गेली. पुढे १९९३ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २’ने सलग फटक्यांचा आकडा पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. माझ्या मते नवशिक्याची दिशा चुकली ती इथे, कारण आकडा दिसतो आणि राखलेले अंतर दिसत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडली. पार्लरमध्ये वाढलेल्या माझ्या पिढीचे खरे दैवत ‘मुस्तफा’, म्हणजे कॅपकॉमचाच १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. त्यात मित्राच्या खांद्याला खांदा लावून मशीनने सोडलेल्या गुंडांना झोडपत पुढे जायचे असते. थांबण्याला तिथे मोल नाही. घरी जो कार्ट्रिजचा टीव्ही गेम असायचा, त्याच्या पॅडवर मूळ बटणे दोनच, शेजारची दोन नुसती टर्बो, म्हणजे तीच बटणे आपोआप भराभर दाबणारी. सहा बटणांचा सौदा त्यात मावणार कसा? पुढे जायचे आणि बटण बडवायचे, हीच सवय हाताला लागली.

घरगुती कन्सोलांवर सराव विभाग आले, तेव्हा पाहून शिकण्याची जागा यंत्राने घेतली. २००३ मध्ये प्लेस्टेशन २ वर आलेला ‘व्हर्च्युआ फायटर ४: इव्होल्यूशन’ त्याच्या तपशीलवार शिकवणीसाठी अजून नावाजला जातो. हे खेळ सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी, चालतात. फटका निघायला किती फ्रेम, हात मागे यायला किती, हे आकडे आता ‘स्ट्रीट फायटर ६’ पडद्यावरच पट्टीसारखे मांडतो. तरी एकट्याने घोटता येते ते कॉम्बोच. सरावाचा पुतळा, म्हणजे समोर नुसता उभा असलेला यंत्राचा प्रतिस्पर्धी, सांगितल्याशिवाय उडी मारत नाही.

शेजारचा खेळाडू परत मिळाला तो इंटरनेटमुळे, पण उशिरा. आधीच्या पद्धतीत समोरच्याचे बटण पोहोचेपर्यंत खेळ अडखळायचा. टोनी कॅनन यांनी २००६ मध्ये आणलेल्या जीजीपीओ या सॉफ्टवेअरने, म्हणजे रोलबॅक पद्धतीने, ते बटण काय असेल याचा अंदाज बांधून खेळ चालू ठेवला आणि अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे जाऊन दुरुस्ती केली. डिचोलीतल्या मुलाला दूरच्या शहरातला प्रतिस्पर्धी रोज मिळू शकतो तो यामुळे. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ५’ पदकांच्या यादीत होता आणि त्यात भारताचे खेळाडूही उतरले होते.

२ जून २०२३ रोजी आलेल्या ‘स्ट्रीट फायटर ६’ने ‘मॉडर्न’ नियंत्रणही दिले. खाली, तिरपे, पुढे आणि ठोसा अशी हादोकेनची, म्हणजे ऊर्जेचा गोळा फेकण्याची, जुनी कसरत त्यात एका बटणावर येते. हाताची अडचण अशी कमी झाली. अंतराची अडचण जिथल्या तिथे आहे.

दुसऱ्या दिवशी मी पुतण्याला पुतळ्याची उडी रेकॉर्ड करायला लावली आणि खाली बसून जोराचा ठोसा, एवढे एकच उत्तर घोटायला सांगितले. दहापैकी चार उड्या तो पाडू लागला. संध्याकाळी पुन्हा सामना झाला. दोन उड्या हवेतच पडल्यावर चुलत भाऊ जमिनीवरून सावकाश चालत पुढे आला, पुतण्या ठोशाची वाट पाहत खाली बसून राहिला, आणि भावाने पुतण्याला धरून आपटले.