न्देबेले भाषेतील शब्दसिद्धी

न्देबेले ही झिंबाब्वेच्या नैर्ऋत्य भागात, बुलावायो शहर आणि माताबेलेलँडच्या प्रांतांत बोलली जाणारी बांतू कुळातील न्गुनी गटाची भाषा. ती झुलूची अगदी जवळची बहीण. दक्षिण आफ्रिकेतील त्याच नावाची भाषा मात्र वेगळी. मराठीत प्रत्यय बहुतेक शब्दामागेच लागतात. न्देबेलेत मूळ मधोमध राहते आणि शब्द दोन्ही अंगांनी वाढतो: पुढच्या भागातून नामाचा वर्ग (मराठीतल्या लिंगासारखी नामांची विभागणी) किंवा कर्ता कळतो, मागच्या भागातून क्रियेची तऱ्हा.

‘-फुन्द-’ (शिकणे) हे मूळ घ्या. उम्फुन्दि म्हणजे विद्यार्थी, त्याचे अनेकवचन अबाफुन्दि. इसिफुन्दो धडा, इझिफुन्दो धडे, इम्फुन्दो शिक्षण. शेवटचा स्वरही बोलतो: करणाऱ्या माणसाला बहुधा ‘-इ’, कृतीला किंवा वस्तूला ‘-ओ’. भाववाचक नामांना ‘उबु-’ लागतो. उमुन्तु (माणूस) आणि अबान्तु (माणसे) यांच्या शेजारी उबुन्तु (माणुसकी) उभा राहतो. संगणकवाल्यांना ओळखीचा ‘उबुंटू’ तो हाच, कारण झुलूतही हा शब्द आहे.

‘उमु-’ हे पूर्ण रूप ‘-न्तु’सारख्या एकाक्षरी मुळापुढे टिकते, लांब मुळापुढे त्याचे ‘उम्-’ होते. नवशिके इथे हमखास अडखळतात. उम्फुन्दि मधला म् मुळातला समजून ते मुळानुसार लावलेला कोश ‘म’खाली चाळतात, शब्द असतो ‘फ’खाली. उसन्या शब्दांनाही वर्ग मिळतोच. ‘स्कूल’ वळणाच्या शब्दाचा आरंभ ‘इसि-’ मध्ये बसला, इसिकोलो झाला आणि अनेकवचन आपोआप इझिकोलो आले.

नामाचा वर्ग वाक्यभर पसरतो. उमुन्तु ओम्खुलु उयाहाम्बा (मोठा माणूस चालतो), पण इन्जा एन्कुलु इयाहाम्बा (मोठा कुत्रा चालतो). नाम बदलले की विशेषण आणि क्रियापद दोघांचेही तोंड बदलते.

क्रियापदात तर सबंध वाक्य मावते. न्गियाकुथान्दा: न्गि (मी), या (वर्तमान), कु (तुला), थान्द (प्रेम करणे), आ. नकार करायचा तर नुसता एक अव्यय जोडून भागत नाही: पुढे ‘अ-’ येतो, ‘या’ गळतो, शेवटच्या ‘आ’चा ‘इ’ होतो, म्हणजे अन्गिकुथान्दि. भविष्यासाठी ‘-झा-’: न्गिझाहाम्बा, मी जाईन. झुलू आधी शिकलेल्यांच्या तोंडून इथे सवयीने न्गिझोहाम्बा निघते.

मुळामागचे प्रत्यय मराठी माणसाला लवकर उमगतात. फुन्दा आणि फुन्दिसा यांचे नाते नेमके ‘शिकणे’ आणि ‘शिकवणे’ यांच्यासारखे. थेन्गा विकत घेणे, थेन्गेला दुसऱ्यासाठी विकत घेणे, थेन्गिसा विकणे, थेन्गिसेला एखाद्याला विकणे. थान्दाना म्हणजे एकमेकांवर प्रेम करणे.

सर्वांत चकवणारा प्रत्यय कर्मणीचा ‘-व्-’. मुळातील ओष्ठ्य व्यंजनाला त्याची संगत चालत नाही, ते मागे सरकून तालव्य होते: ह्लाबा (भोसकणे) वरून ह्लाच्वा. व्यंजन लगतचे नसले तरी बदलते, खुम्बुला (आठवणे) चे खुन्जुल्वा होते. हा फेर माहीत नसला, तर ऐकलेल्या रूपावरून मूळ धातू सापडणे कठीण.

स्थळ दाखवताना शब्दाच्या दोन्ही टोकांना काम असते. उम्फुला (नदी) चे एम्फुलेनि (नदीत), कारण ‘आ’ आणि ‘इनि’ मिळून ‘एनि’. इन्दलु (घर) चे एन्दलिनि. इसिकोलो मात्र नुसते एसिकोलो होते.

शहराचे नावही याच घडणीचे. बुलाला म्हणजे ठार मारणे. कर्मणीत ल् गळून बुलावा. संबंधी ‘-यो’ जोडून बुलावायो, ‘ज्याला मारले जात आहे तो’. राजा लोबेन्गुलाच्या राजधानीचे हे नाव. ‘बुलावायोला’ म्हणताना न्देबेले माणूस ‘ए-…-इनि’ वापरत नाही, ‘को-’ लावतो: कोबुलावायो.