चांबारा : घरगुती आवृत्त्या

जपानी तलवारपटांच्या व्हीएचएस फिती, लेझर डिस्क, डीव्हीडी आणि ब्लू-रे आवृत्त्या.

‘चांबारा’ हा ‘चानचान बाराबारा’ या नादानुकारी शब्दाचा संक्षेप मानतात. ‘चानचान’ म्हणजे पात्यांचा खणखणाट, याबद्दल फारसे दुमत नाही. ‘बाराबारा’ हा मांस चिरल्याचा आवाज, असे अनेकदा सांगितले जाते. पण रोजच्या जपानीत ‘बाराबारा’ म्हणजे विखुरलेले, तुकडे तुकडे झालेले. हा अर्थ अधिक सरळ वाटतो. ‘जिदाइगेकी’ ही संज्ञा व्यापक. तीत जुन्या काळातली कोणतीही कथा येते, तलवार असो वा नसो. परदेशी वेष्टनांवर मात्र सरसकट ‘सामुराई’.

घरगुती आवृत्त्यांत सर्वांत मोठी हानी चौकटीची झाली. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी स्टुडिओंनी सुमारे 2.35:1 प्रमाणाचा रुंद पडदा स्वीकारला. जुन्या टीव्हीचा पडदा 1.33:1. उंची पूर्ण भरायची तर रुंदीतला दोन-पंचमांशाहून अधिक भाग कापावा लागे. दोन टोकांना उभे असलेले प्रतिस्पर्धी मग एका वेळी दिसत नसत, आणि फितीवर उरे ते मधले मोकळे अंगण. ‘सेव्हन सामुराई’ (1954) रुंदपटापूर्वीचा, म्हणून या कात्रीतून वाचला. त्याची अडचण लांबीची : मूळ 207 मिनिटांचा चित्रपट परदेशांत बराच काळ कापलेल्या रूपात फिरला. क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीच्या 1998 च्या डीव्हीडीत पूर्ण लांबी आहे.

कापण्याचा कळस म्हणजे ‘शोगन असॅसिन’ (1980). 1972 चे दोन चित्रपट जोडून, इंग्रजी संवाद व नवे संगीत घालून अमेरिकेत तो बेतला गेला; निवेदन लहान मुलाच्या तोंडी आहे. त्याला स्वतंत्र चित्रपट मानणेच बरे. याउलट ॲनिमएगो या अमेरिकी कंपनीने एकाच वेळी बोलणाऱ्या पात्रांची उपशीर्षके वेगवेगळ्या रंगांत दिली आणि पदव्या, नाणी यांवर टिपा जोडल्या.

डीव्हीडींसाठी जगाचे क्रमांकित विभाग पाडलेले आहेत, आणि एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर सहसा चालत नाही. जपानी डीव्हीडी विभाग 2 च्या, भारत विभाग 5 मध्ये. त्यामुळे विभागबंद भारतीय प्लेअरवर त्या चालत नाहीत. अनेक जपानी तबकड्यांवर इंग्रजी उपशीर्षकेही नसतात.

‘झातोइची’ या आंधळ्या तलवारबाजाच्या मालिकेतील 1962–73 दरम्यानचे 25 चित्रपट क्रायटेरियनने 2013 मध्ये एका संचात आणले. मालिकेचा नायक कात्सु शिन्तारो याचा 1989 मधला सव्विसावा त्यात नाही.