टूलचं वर्णन वाचतं कोण?

चॅटजीपीटीमागे असतं तशा एआय मॉडेलला वापरायला दिलेल्या प्रोग्रामला टूल म्हणतात, आणि ते काय करतं हे त्याच्या छोट्या वर्णनात लिहिलेलं असतं. एखादी कमांड काय करते हे असं दोन ओळींत लिहून ठेवायची रीत जुनी आहे. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या मॅन्युअलमध्येही प्रत्येक कमांडला नाव, वापरायची पद्धत, वर्णन असे रकाने होते. शिवाय ‘बग्ज’ नावाचा एक प्रामाणिक रकाना. पण ते सगळं माणसांसाठी. पुढे वेब सर्व्हिसेसची, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याला इंटरनेटवरून दिलेल्या सेवांची, माहिती ठरावीक साच्यात लिहिण्यासाठी २०००-०१ मध्ये डब्ल्यूएसडीएल आलं, २०११ मध्ये स्वॅगर आलं आणि २०१६ पासून ते ओपनएपीआय म्हणून ओळखलं जाऊ लागलं. वर्णनाची जागा या सगळ्यांत होती, पण ती रिकामी ठेवली तरी काही अडायचं नाही. प्रोग्राम चालायचा तो पॅरामीटरचं, म्हणजे त्याला पुरवायच्या माहितीचं, नाव आणि प्रकार यांवर. वर्णनात ‘डेटा आणते’ एवढं खरडलं की काम झालं.

हे बदललं ते २०२२-२३ मध्ये. ऑक्टोबर २०२२ च्या ‘रिअ‍ॅक्ट’ या शोधनिबंधात मॉडेल थोडा विचार करायचं, एक कृती करायचं, निकाल पाहून पुन्हा विचार करायचं. विकिपीडियासाठी कृती होत्या फक्त तीन: शोध, पानात शब्द धुंडाळ, उत्तर देऊन थांब. फेब्रुवारी २०२३ मध्ये मेटाच्या ‘टूलफॉर्मर’ने वेगळी वाट धरली. टूल कधी आणि कसं वापरायचं हे तिथे मॉडेल प्रशिक्षणातच शिकायचं. तीच वाट रूढ झाली असती तर वर्णनाला आजचं वजन आलं नसतं.

माझ्या मते खरा सांधा बदलला तो २३ मार्च २०२३ ला, चॅटजीपीटीचे प्लगइन, म्हणजे त्याला बाहेरच्या सेवा जोडणारे पूरक प्रोग्राम, जाहीर झाले तेव्हा. त्यांच्या छोट्या फाइलमध्ये वर्णनं दोन होती, एक माणसासाठी आणि एक मॉडेलसाठी. यंत्राने वाचावं म्हणून साध्या भाषेत मजकूर लिहायची वेळ बहुतेक डेव्हलपरांवर पहिल्यांदाच आली. आणि लगेच नियमही करावा लागला: वापरकर्त्याने तशी सेवा मागितलीच नसेल, तर ‘आमचं प्लगइन वापर’ असं मॉडेलला सुचवू नका. जाहिरात कुठेही शिरते! त्याच वर्षी १३ जूनला चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने फंक्शन कॉलिंग आणलं, म्हणजे कोणतं फंक्शन कोणत्या माहितीसह बोलवायचं हे मॉडेलने लिहून द्यायची सोय. नाव, वर्णन, पॅरामीटर हा साचा तेव्हापासून रुळला.

मग मोजमापाचा प्रश्न आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या गटाने फंक्शन कॉलिंगची क्रमवारी सुरू केली. प्रश्न आणि फंक्शनचं वर्णन द्यायचं, आणि मॉडेलने लिहिलेला कॉल बरोबर आहे का ते तपासायचं. त्यात एक नामी प्रकार असा की दिलेलं एकही फंक्शन प्रश्नाला लागू पडत नाही. तिथे काहीच न बोलावणं हेच बरोबर उत्तर. जून २०२४ च्या ‘टाउ-बेंच’ या चाचणीत दुकान आणि विमान कंपनीची ग्राहकसेवा उभी केली होती. तिथे संभाषण संपल्यावर डेटाबेस अपेक्षित अवस्थेत आहे का ते पाहायचे, आणि तेच काम अनेकदा करवून दर वेळी जमतं का तेही.

पण यात वर्णन कायम आणि गुण मॉडेलला. प्रश्नपत्रिकेची भाषाच धड नसेल, तरी नापास विद्यार्थीच.

समजा पॅरामीटरच्या वर्णनात नुसतं ‘तारीख’ लिहिलंय. ग्राहक म्हणतो, ‘०५/०६ ची ऑर्डर रद्द करा.’ ती ५ जूनची की ६ मेची? एजंट, म्हणजे टूल्स वापरून स्वतः कामं उरकणारं मॉडेल, बेधडक एक निवडतो. कॉल साच्यात चपखल बसतो, एररही येत नाही, फक्त भलतीच ऑर्डर रद्द होते. ‘दिवस आधी, मग महिना, शंका असल्यास ग्राहकाला विचारा’ एवढी भर घातली की तेच मॉडेल थांबून विचारण्याची शक्यता वाढते.

मॉडेल तेच ठेवून साधनाची मांडणी बदलायची, हा विचार २०२४ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ‘एसडब्ल्यूई-एजंट’ या कोडिंग एजंटने ठळक केला. डिसेंबर २०२४ मध्ये क्लॉड हे मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रॉपिकने आपला अनुभव सांगितला: कोडिंग एजंट मूळ फोल्डरमधून बाहेर पडला की सापेक्ष पाथ (फाइलचा चालू फोल्डरपासूनचा पत्ता) देताना चुकायचा, टूलने पूर्ण पाथच मागायला सुरुवात केली आणि चूक गेली. सप्टेंबर २०२५ मधला त्यांचा दुसरा किस्सा अधिक मजेदार आहे. वेब सर्चचं टूल वापरताना क्लॉड प्रत्येक शोधाला उगाचच ‘२०२५’ जोडत होता. उपाय केला तो टूलच्या वर्णनात.

दरम्यान २५ नोव्हेंबर २०२४ ला एमसीपी हे मॉडेलला टूल्स जोडायचं सामाईक मानक आलं आणि अनोळखी लोकांनी लिहिलेली डझनावारी वर्णनं एकाच एजंटपुढे येऊ लागली. सारख्या नावांची टूल्स एकमेकांत गुंतू लागली. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या एआय सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की वर्णनातच लपवलेल्या सूचना पेरून एजंटकडून माहिती चोरता येते. त्यामुळे वर्णन तपासताना स्पष्टतेबरोबर विश्वासाचीही तपासणी आली.

आता साधारण रीत अशी: मॉडेल आणि कामं तीच ठेवून वर्णनाच्या दोन आवृत्त्या अनेकदा चालवायच्या. योग्य टूल निवडलं का, पॅरामीटर बरोबर भरले का, फुकटचे कॉल किती झाले हे मोजायचं. नुसत्या आकड्यावर न थांबता एजंट नेमका कुठे घुटमळला ते लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या पावलापावलाच्या नोंदींत, वाचायचं. आणि काही कामं वर्णन सुधारताना बाजूला झाकून ठेवायची, नाहीतर वर्णन तेवढ्याच प्रश्नांपुरतं घोटून तयार होतं.