ऑनलाइन विक्रीत विक्रेत्याची फसवणूक (गोवा)

वापरलेली किंवा घरी तयार केलेली वस्तू जाहिरातीच्या ॲपवर, फेसबुकवर वा व्हॉट्सॲपच्या गटात विकायला काढल्यावर, अनोळखी ग्राहकाने बँकेतून पैसे पाठवल्याचा आभास निर्माण करून विक्रेत्याची वस्तू, पैसे किंवा दोन्ही लुबाडण्याचा गुन्हा. क्वचित पैसे खरोखर जमा होतात, पण ते ग्राहकाचे नसतात. हा प्रकार सर्वांत कमी ओळखला जातो आणि सर्वांत जास्त काळ छळतो. खरेदीदार कसा फसतो हे बहुतेकांना ठाऊक असते. विक्रेता मात्र ‘मला तर पैसे घ्यायचेत, माझे काय जाणार?’ अशा समजुतीत निर्धास्त असतो आणि भामट्याचे काम तिथेच सोपे होते.

गोव्यातील बाजार : पर्यटनाचा हंगाम सरत आला की हणजूण, हरमल, मांद्रे या पट्ट्यात भाड्याने राहिलेले लोक स्कूटर, फ्रीज, गाद्या, गॅसची शेगडी असे सामान घाईने विकून निघतात. मडगाव, फोंडा, म्हापसा, वास्को इथे जुन्या दुचाकी-चारचाकींची उलाढाल वर्षभर चालते. चवथीपूर्वी (गणेश चतुर्थीपूर्वी) घर रंगवताना जुने फर्निचर बाहेर निघते. याखेरीज नेवऱ्या, बेबिंका, दोदोल, काजूगर, कोकमाचे आगळ घरून विकणाऱ्या असंख्य स्त्रिया व्हॉट्सॲपवरच ऑर्डर घेतात. घाई असलेला आणि हिशेबाचे वेगळे खाते नसलेला, असे हे दोन्ही विक्रेते भामट्याला सोयीचे.

त्यातच गोव्यात गणवेशाचे नाव चटकन पटते. दाबोळीला नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ हा हवाई तळ आहे, पणजीत लष्कराचे सिग्नल प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे ‘माझी बदली वास्कोला झाली आहे, फ्रीज हवा आहे’ असे फोनवरचा माणूस म्हणाला तर त्यात वावगे वाटत नाही. हाच माणूस ओळखपत्राचा आणि लष्करी कॅन्टीनच्या कार्डाचा फोटो आपणहून पाठवतो. असे फोटो बहुधा आधी फसलेल्या दुसऱ्या कोणाचे असतात, किंवा त्यांत फेरफार केलेला असतो. खरा ग्राहक वस्तू पाहायला येतो, गंज कुठे लागला आहे ते शोधतो, पाचशे रुपये कमी करायला सांगतो. न पाहता, न घासाघीस करता ‘डन, पैसे लगेच पाठवतो’ म्हणणारा ग्राहक ही फसवणुकीची पहिली आणि जवळजवळ खात्रीची खूण आहे.

घेण्याच्या नावाखाली देणे : यूपीआय ही राष्ट्रीय देयके महामंडळाची (एनपीसीआय) सेवा २०१६ साली सुरू झाली. तिचा पिन फक्त पैसे खात्यातून बाहेर काढताना किंवा शिल्लक पाहताना लागतो. पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, ‘स्वीकारा’ असे बटणही दाबावे लागत नाही. क्यूआर चित्रात पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता असतो, कधी रक्कमही भरलेली असते. तो स्कॅन करणारा नेहमी देणाराच असतो. भामटा मात्र ‘हा आमच्या युनिटचा रिसीव्हिंग कोड आहे, स्कॅन केल्याशिवाय सरकारी खात्यातून पैसे सुटत नाहीत’ असे सांगतो. विश्वास बसावा म्हणून आधी विक्रेत्याकडून पाच-दहा रुपये मागवतो आणि खरोखर दुप्पट परत पाठवतो. नंतरच्या कोडमध्ये पूर्ण किंमत भरलेली असते. ती गेल्यावर ‘चुकून झाले, रिफंडचा कोड पाठवतो’ म्हणून दुसरा, मग तिसरा कोड येतो. एकाच बैठकीत खाते रिकामे होते ते असे.

पूर्वी हेच काम ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ने, म्हणजे पैशाच्या मागणीने, होत असे. १ ऑक्टोबर २०२५ पासून एनपीसीआयने दोन व्यक्तींमधील अशा मागण्या बंद केल्या, त्यामुळे ती वाट बरीच अरुंद झाली. व्यापारी खात्यावरून येणाऱ्या मागण्या आणि क्यूआर मात्र चालूच आहेत. स्कॅन केल्यावर पडद्यावर समोरच्याचे बँकेत नोंदलेले नाव येते. ‘नौदल कॅन्टीन’च्या कोडवर एखाद्या खासगी व्यक्तीचे नाव दिसले, तर पुढे काही तपासायची गरज उरत नाही.

कोड चालला नाही तर ‘मदत’ सुरू होते. स्क्रीन दाखवणारे एनीडेस्कसारखे ॲप घ्यायला लावणे, ‘कुरियर बुकिंग’ किंवा ‘पेमेंट व्हेरिफिकेशन’ नावाची एपीके (फोनवर ॲप बसवणारी) फाइल पाठवणे, हे त्याचे नेहमीचे रूप. अशी फाइल फोनवर येणारे एसएमएस वाचते, ओटीपीसकट. ती उघडली गेलीच, तर इंटरनेट लगेच बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खात्याचे ऑनलाइन व्यवहार थांबवावेत आणि फोन फॅक्टरी रीसेट करावा. नुसते ॲप काढून टाकल्याने काम भागतेच असे नाही.

न आलेले पैसे आल्यासारखे दाखवणे : यात विक्रेत्याच्या खात्याला हात लागत नाही, वस्तू जाते. सर्वांत स्वस्त हत्यार म्हणजे स्क्रीनशॉट. यूपीआय ॲपची हिरवी बरोबरची खूण हुबेहूब उमटवणारी बनावट ॲप असतात. त्याहून फसवा असतो तो खरा, पण अर्धवट व्यवहार. नेट बँकिंगमध्ये उद्याच्या तारखेचे हस्तांतरण नोंदवले की पडद्यावर ‘यशस्वीरीत्या नोंदले’ असे येते. त्याचा फोटो पाठवून वस्तू उचलली जाते आणि नंतर ते हस्तांतरण रद्द होते.

तिसरा प्रकार बनावट एसएमएसचा. ‘आपल्या खात्यात २०,००० रुपये जमा’ असा संदेश येतो, पाठोपाठ फोन येतो : ‘मला २,००० पाठवायचे होते, एक शून्य जास्त पडले, १८,००० परत करा.’ बँकेचा संदेश इंग्रजी अक्षरांच्या नोंदणीकृत शीर्षकावरून येतो, दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून नाही. तरीही संदेशावर विसंबणे मुळातच चूक. आपल्या बँकेच्या ॲपमधील खातेउतारा किंवा पासबुकातील नोंद, एवढाच पुरावा धरावा.

‘पैसे वाटेत आहेत’ हे ऐकल्यावर कोणती वाट किती वेळाची, हे माहीत असलेले बरे. यूपीआय आणि आयएमपीएस (बँकेची तत्काळ हस्तांतरण सेवा) काही सेकंदांत पोचतात. एनईएफटी ही बँकांमधली हस्तांतरण सेवा १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. ती अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत निघते आणि तुकडी निघाल्यावर दोन तासांत रक्कम जमा व्हायला हवी. २ लाखांपासून पुढच्या रकमांसाठीची आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र आहे. तेव्हा ‘आज ३ डिसेंबर, सेंट झेवियरच्या फेस्ताची सुट्टी, उद्या जमा होतील’ किंवा ‘चवथीमुळे बँक बंद आहे’ ही कारणे आता खरी नाहीत. मात्र नवीन लाभार्थी जोडल्यावर पहिल्या दिवशी मोठी रक्कम न पाठवू देण्याची मर्यादा अनेक बँकांत असते, आणि प्रामाणिक ग्राहकही तिच्यात अडकतो. अशा वेळी वाद घालण्यात अर्थ नाही. पैसे येईपर्यंत वस्तू आपल्या घरात राहावी, एवढेच पाहावे. वस्तू उचलायला बहुधा पायलट (मोटारसायकल टॅक्सीवाला) किंवा पिकअपवाला येतो. त्याला दुसऱ्याने भाडे कबूल करून पाठवलेले असते आणि त्याला बाकी काही ठाऊक नसते. त्याच्यावर चिडूनही उपयोग नाही, त्याच्या घाईला बधूनही नाही.

धनादेश आणि डिमांड ड्राफ्ट जुन्या गाड्यांच्या व्यवहारात अजून दिसतात. धनादेश यंत्रात टाकल्याची पावती म्हणजे पैसे नव्हेत. धनादेशाच्या बाबतीत पासबुकातील नोंदही पक्की नव्हे, कारण न वटलेली रक्कम एकूण शिलकीत दिसू शकते; ‘उपलब्ध शिल्लक’ पाहावी. ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेश दिवसभर सलग वटवले जातात, त्यामुळे वाट पाहण्याचा काळ बराच घटला आहे. ड्राफ्ट छापील कागदावर हुबेहूब बनवता येतो. सप्टेंबर २०१८ पासून त्यावर तो काढणाऱ्याचे नाव छापणे बंधनकारक आहे. ते नाव ग्राहकाचेच आहे का पाहावे आणि खरेपणा त्या बँकेच्या जवळच्या शाखेत जाऊन पडताळावा. ड्राफ्टवर छापलेल्या फोन क्रमांकावर नव्हे, कारण तो क्रमांकही बनावट असू शकतो.

दुसऱ्याचे पैसे : भामटा विक्रेत्याकडून यूपीआय पत्ता मागतो आणि तोच पत्ता दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या फसत असलेल्या माणसाला देतो, कोणाला नोकरीचे, कोणाला गुंतवणुकीचे आमिष दाखवून. तो माणूस पैसे पाठवतो, ते विक्रेत्याच्या खात्यात खरोखर जमा होतात. विक्रेता उतारा तपासतो, सगळे बरोबर असते, तो कॅमेरा किंवा सोन्याची साखळी देऊन टाकतो. काही दिवसांनी तिकडचा माणूस तक्रार करतो. पैसे आधी ज्या खात्यात गेले ते खाते विक्रेत्याचे, म्हणून बँक तेवढ्या रकमेवर धारणाधिकार लावते, म्हणजे ती अडवून ठेवते (बँकवाले ‘लीन’ म्हणतात) किंवा अख्खे खातेच गोठवते. पगार, कर्जाचे हप्ते, मुलांची फी, सारे त्यातच अडकते.

यावर साधा उपाय आहे. उताऱ्यात दिसणारे पाठवणाऱ्याचे नाव आणि समोर उभ्या माणसाच्या ओळखपत्रावरचे नाव एकच असले पाहिजे. ‘भावाच्या खात्यातून टाकतो’ यात दर वेळी लबाडी असतेच असे नाही, पण मोठ्या रकमेला ते चालवून घेऊ नये. चुकून जास्त रक्कम आली तर ती सांगितलेल्या दुसऱ्या क्रमांकावर कधीही पाठवू नये. बँकेला लेखी कळवून आलेल्या खात्यातच परत जाऊ द्यावी. दुसरीकडे वळवल्यास चोरीचे पैसे पुढे सरकवणारे खाते म्हणून आपलीच नोंद होते. वारंवार विकणाऱ्यांनी, नेवऱ्यांचा घरगुती धंदा असला तरी, विक्रीसाठी वेगळे खाते ठेवावे आणि जमा रक्कम अधूनमधून मुख्य खात्यात वळवावी.

मग रोख घ्यावी का? किरकोळ वस्तूला रोख उत्तमच. मात्र एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, २ लाख रुपये वा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो. वाहनाच्या बाबतीत सौदा बँकेच्या शाखेत बसून करणे सर्वांत निर्धोक : ग्राहकाने आपल्या खात्यातून आरटीजीएस करावे, विक्रेत्याने रक्कम जमा झाल्याचे तिथेच पाहावे आणि मगच हस्तांतरणाच्या अर्ज क्रमांक २९ व ३० वर सही करून मूळ आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) आणि किल्ली द्यावी. सह्या केलेले कोरे अर्ज ‘आरटीओच्या एजंटला दाखवायचे आहेत’ म्हणून आधी देणे, हा गोव्यात वाहन गमावण्याचा हमखास मार्ग ठरतो; गाडी राज्याबाहेर गेली की शोध लांबतो, आणि नाव बदलेपर्यंत तिचे चलन व अपघाताचे झेंगट जुन्या मालकाच्या नावे राहते.

फसल्यावर : १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करावा; मिनिटांना महत्त्व आहे, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर हलवले जातात आणि एटीएममधून काढले की संपले. हाताशी ठेवावे : आपला खाते क्रमांक, व्यवहाराची तारीख-वेळ-रक्कम, यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक (एनईएफटी असेल तर यूटीआर हा व्यवहार क्रमांक), भामट्याचा फोन क्रमांक आणि यूपीआय पत्ता. हीच तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही करता येते. त्या पोर्टलवर संशयित क्रमांक किंवा यूपीआय पत्ता आधीच्या तक्रारींत आला आहे का, हेही शोधता येते. ही सोय विक्रीआधी वापरलेली बरी. बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्यावी. गोवा पोलिसांचे सायबर गुन्हे ठाणे रायबंदरला आहे. काणकोण-सांग्याहून तिथवर धावण्याआधी १९३० ला फोन करावा आणि जवळच्या ठाण्यात तक्रार द्यावी. गुन्हा सहसा भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या ३१८ व्या कलमाखाली आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-डी कलमाखाली नोंदतात. ६६-डीला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे.

भरपाईबाबत भ्रम नको. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमांत, ग्राहकाचा दोष नसताना बाहेरच्याने केलेल्या अनधिकृत व्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर भार पडत नाही. पण पिन स्वतः टाकला असेल तर बँक त्याला अनधिकृत मानत नाही, आणि खबर देईपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच धरले जाते. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

खाते गोठले असेल तर आधी शाखेतून तीन गोष्टी लेखी मिळवाव्यात : तक्रारीचा क्रमांक, कोणत्या राज्याच्या कोणत्या ठाण्याची ती आहे, आणि नेमकी किती रक्कम वादात आहे. मग त्या तपास अधिकाऱ्याला जाहिरात, चॅट, बिल, वस्तू दिल्याचा पुरावा आणि ग्राहकाच्या ओळखपत्राची प्रत ईमेल व स्पीड पोस्टने पाठवावी; पूर्ण खात्याऐवजी वादातील रकमेपुरतीच अडवणूक ठेवावी, अशी मागणी त्यातच करावी. दाद न लागल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. चॅट डिलीट केलेले असेल तर या पत्रव्यवहारात दाखवायला फारसे काही उरत नाही, म्हणून विक्री झाल्यावरही ते निदान वर्षभर जपून ठेवावे.